जुळ्या ब्लेडांची कसोटी

जळगावच्या सराफ बाजारात, दागिने तोलण्याच्या काट्यावर मी टेबल टेनिसच्या दोन लाकडी फळ्या ठेवल्या, तेव्हा गल्ल्यावर बसलेल्या शेठजींनी हसत विचारले, की हे किती कॅरटचे आहे. घरच्या स्वयंपाकघरातील काटा ग्रॅमच्या खाली काहीच सांगत नाही आणि मला ग्रॅमच्या दशांशापर्यंत वजन हवे होते, म्हणून सोन्याचा काटा गाठावा लागला. एक फळी ८६.२ ग्रॅम भरली आणि दुसरी ९०.१ ग्रॅम. कागदोपत्री या दोन फळ्या जवळजवळ जुळ्या आहेत. तरीही आमच्या हॉलमधील प्रत्येकाला त्यांच्यातला फरक ‘पहिल्याच चेंडूला’ कळतो, असे प्रत्येक जण सांगत असे. हा फरक खरा किती, तो नेमका कुठून येतो आणि खेळून तो कसा तपासावा, एवढ्याच प्रश्नाचा हा लेख आहे.

आरंभी शब्दांचा उलगडा केलेला बरा. आपण ज्याला सरसकट बॅट म्हणतो, तिचे तीन भाग असतात. मुठीसह असलेली लाकडी फळी म्हणजे ब्लेड आणि तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेली स्पंजयुक्त दोन रबरे. क्रीडासाहित्याच्या दुकानात तयार मिळणाऱ्या बॅटमध्ये हे तीनही भाग कारखान्यातूनच जोडून येतात. नियमित खेळणारा खेळाडू मात्र ब्लेड वेगळे घेतो, रबरे वेगळी घेतो आणि स्वतःच्या हाताने चिकटवतो. रबर काही महिन्यांत झिजते आणि बदलावे लागते. ब्लेड जपून वापरले तर अनेक वर्षे टिकते, आणि म्हणूनच त्याच्या निवडीविषयी खेळाडू एवढी घासाघीस करतात.

माझ्याकडचे ब्लेड म्हणजे बटरफ्लाय या जपानी कंपनीचे व्हिस्कारिया. दुसरे, त्याच कंपनीचे टिमो बोल एएलसी, हे अमळनेरचे आप्पा आपल्या पुतण्याकडून मागून घेऊन आले. आप्पा सेवानिवृत्त आहेत, साठी ओलांडलेली आहे. परंतु त्यांचा ब्लॉक, म्हणजे समोरून आलेला जोरदार चेंडू बॅट नुसती धरून परतवणे, अजूनही भिंतीसारखा आहे आणि या प्रयोगात त्याचाच सर्वाधिक उपयोग झाला. दोन्ही ब्लेडांची रचना एकच आहे. सात थर, त्यांपैकी पाच लाकडाचे आणि दोन धाग्यांच्या विणीचे. बाहेरचा थर कोटो या कठीण लाकडाचा, त्याच्या लगेच खाली अ‍ॅरिलेट आणि कार्बन यांच्या धाग्यांची पातळ वीण, तिच्याखाली लिंबा हे लाकूड आणि मधोमध किरी या अत्यंत हलक्या लाकडाचा जाड गाभा. एएलसी हे नाव अ‍ॅरिलेट आणि कार्बन यांवरूनच आले आहे. दोन्हींची जाडी कंपनी ५.८ मिलिमीटर अशीच देते. मग नावे दोन का, असा प्रश्न कोणालाही पडेल. मुठीची घडण, तिच्यावरील रंगसंगती आणि एकावर असलेले टिमो बोल या जर्मन खेळाडूचे नाव, एवढे फरक उघड दिसतात. त्यांपलीकडे काही आहे की नाही, हाच तर वाद आहे.

ही रचना अशी का असते, हे रावेर-यावलच्या बाजूला केळीची बाग पाहिलेल्या माणसाला समजावणे सोपे आहे. केळीच्या पानाचा दांडा विळ्याने आडवा कापून पाहावा. आत हवेचे कप्पे दिसतात, जवळजवळ पोकळच. आणि चिवट धागे मुख्यतः बाहेरच्या सालीलगत दाटलेले असतात. एवढे मोठे पान वाऱ्यात पेलणारा हा दांडा वजनाला नगण्य असतो, कारण वाकताना सर्वांत जास्त ताण बाहेरच्या कडेला पडतो आणि मजबुती नेमकी तिथेच ठेवलेली असते. ब्लेडमध्येही तेच केलेले असते. किरीचा गाभा हलका ठेवून कार्बनचे धागे बाहेरच्या थराखाली घातले, की वजन फारसे न वाढता फळी ताठ होते. तीच वीण आत, गाभ्याला लागून बसवली, तर तेवढाच धागा कमी ताठपणा देतो आणि हळुवार फटक्यांना ब्लेड लाकडासारखे वागते. कंपन्या ‘बाहेरचा धागा’ आणि ‘आतला धागा’ अशी ब्लेडांची विभागणी करतात तिचा अर्थ एवढाच आहे. नियमाने या धाग्यांवर मर्यादा घातलेली आहे. जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो आणि धाग्यांचा कोणताही एक थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड असता कामा नये. ५.८ मिलिमीटरच्या ब्लेडचे ७.५ टक्के म्हणजे ०.४३५ मिलिमीटर होतात, म्हणजे आपल्या जुळ्यांना ०.३५ चीच मर्यादा लागू पडते.

ताठपणाचा आणखी एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी ५.८ ऐवजी ५.९ मिलिमीटर झाली, म्हणजे केसाच्या जाडीएवढा फरक पडला, तरी ताठपणा सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. हा हिशेब एकसंध फळीचा आहे. थरांच्या ब्लेडमध्ये आकडा थोडा मागेपुढे होईल, परंतु दिशा तीच राहते. लाकूड ही झाडावर वाढलेली वस्तू आहे. एका झाडाचा किरी दुसऱ्यासारखा घट्ट नसतो, घासताना जाडी तंतोतंत एकच येत नाही, आणि त्यामुळे एकाच नावाच्या, एकाच खोक्यातून निघालेल्या दोन ब्लेडांच्या वजनात पाच-सात ग्रॅमांचा फरक सहज आढळतो. आमच्या जुळ्यांमधील ३.९ ग्रॅमांचा फरक या मर्यादेतच बसतो. तो व्हिस्कारिया आणि टिमो बोल यांच्यातला फरक आहे, की केवळ या दोन नगांमधला, हे काटा सांगू शकत नाही. वाचकाने पुढचे सर्व वाचताना ही गोष्ट विसरू नये, कारण ‘अमुक ब्लेड तमुकपेक्षा वेगवान आहे’ असे सांगणारा माणूस बहुधा एका नगाची तुलना दुसऱ्या एका नगाशी करून दोन नावांविषयी निकाल देत असतो.

आता हाताला जे ‘जाणवते’, त्याकडे वळू. चेंडू रबरावर आदळतो आणि सुटतो, या दरम्यान साधारण एक सहस्रांश सेकंदाच्या आसपासच वेळ जातो. हाताच्या बोटांपासून मेंदूपर्यंत संवेदना पोहोचण्यास याच्या कितीतरी पट अधिक वेळ लागतो. याचा अर्थ असा, की ‘चेंडू बॅटवर थांबला’, ‘चेंडू आत रुतला’ असे जे आपण म्हणतो, ते चेंडू निघून गेल्यानंतर मुठीत उरलेल्या थरथरीवरून आणि कानावर पडलेल्या आवाजावरून मेंदूने मागाहून रचलेले चित्र असते. त्या फटक्याला ते काहीही मदत करू शकत नाही. मात्र पुढच्या फटक्याला करते. कारण मागचा चेंडू फळीच्या मधोमध बसला की कडेला, हे त्या थरथरीवरून कळते आणि हात स्वतःला दुरुस्त करतो. म्हणून ‘फील’ हा शब्द मी हसण्यावारी नेणार नाही. तो वेगाचा किंवा फिरकीचा मोजमाप मात्र नव्हे.

आवाजाचे महत्त्व किती असते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्याच राज्यात घडले. १९५२ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली. जपानचा हिरोजी सातो हा खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरीचे विजेतेपद घेऊन गेला. त्या काळी बहुतेक खेळाडू स्पंज नसलेल्या, दाण्यांच्या रबराच्या बॅटने खेळत, आणि प्रतिस्पर्ध्याच्या फटक्याचा जोर ते डोळ्यांइतकाच कानांनी ओळखत असत. सातोच्या बॅटमधून आवाज जवळजवळ येतच नसे. स्पंजामुळे चेंडूचा वेग बदलला तो वेगळाच. पुढे १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने रबरांच्या जाडीवर बंधन घातले. आजही स्पंजसह रबराची जाडी गोंद धरून ४ मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. साहित्यातला फरक खरोखर मोठा असेल, तर तो असा जगाला दिसतो. आपण ज्या फरकाचा शोध घेत आहोत तो त्याच्या जवळपासही नाही.

जुळ्यांची तुलना करायची, तर ब्लेडखेरीज जे जे वेगळे आहे ते एकेक करून सारखे करत जाणे आणि प्रत्येक वेळी फरक उरतो का ते पाहणे, एवढा एकच मार्ग आहे. यात सर्वांत फसवे असते ते रबर. एकाच नावाची, एकाच जाडीची दोन रबरे विकत घेतली तरी स्पंजाची कठीणता आणि वजन थोडे कमीजास्त निघतेच. आम्ही एकाच दिवशी घेतलेली दोन जोड रबरे कापून तोलली, तेव्हा एक जोड दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दोन ग्रॅमांनी जड भरला. म्हणून निम्मा प्रयोग झाल्यावर आम्ही रबरांची अदलाबदल केली. व्हिस्कारियाचा जोड टिमो बोलवर आणि तिथला इकडे. यामागची युक्ती साधी आहे. फरक जर रबराबरोबर दुसऱ्या ब्लेडवर गेला, तर तो रबराचा होता. आणि ब्लेडजवळच थांबला, तर ब्लेडचा. जुने, झिजलेले रबर एका ब्लेडवर आणि कोरे करकरीत दुसऱ्यावर, अशा अवस्थेत केलेली तुलना तर बाजूलाच ठेवावी. दुर्दैवाने हॉलमध्ये होणाऱ्या दहांपैकी नऊ तुलना नेमक्या अशाच असतात: कोणी तरी नवी बॅट घेऊन येतो, आपण ती पाच मिनिटे मागतो आणि परत देताना मत देतो.

गोंदही सारखा लागला पाहिजे. पाण्यावर आधारलेल्या गोंदाचा एकच हात एका बॅटला आणि तीन हात दुसऱ्या बॅटला दिले, तर वजनही बदलते आणि स्पंजाचा ताणही. गोंदाने खेळ किती बदलू शकतो, याचा इतिहासही रंजक आहे. सायकलच्या पंक्चरसाठी जे सोल्यूशन वापरतात, तसल्या गोंदाने स्पंज फुगून रबर ताणले जाते आणि चेंडू अधिक वेगाने सुटतो, हे युरोपातील खेळाडूंच्या १९७० च्या दशकात ध्यानात आले. पुढे तीसेक वर्षे सामन्याच्या आधी रबर उपटून पुन्हा चिकटवण्याचा प्रघातच पडला. त्यातील वाफा आरोग्यास अपायकारक असल्यामुळे २००८ मध्ये अशा गोंदावर बंदी आली. रबर उपटताना कोटोचे बारीक कुसळ निघून येण्याची भीती असते, म्हणून अदलाबदल करण्याचा विचार असल्यास ब्लेडवर आधी वॉर्निशचा एक अगदी पातळ हात द्यावा. आणि तो द्यायचा झाल्यास दोन्हींना द्यावा.

वजनाचे प्रकरण काट्यावर संपत नाही. चार ग्रॅम कुठे आहेत, हे किती आहेत यापेक्षा महत्त्वाचे ठरते. बॅट फिरवताना जाणवणारा जडपणा वजनाच्या आणि अंतराच्या वर्गाच्या गुणाकाराने वाढतो. मुठीच्या टोकापासून मोजले, तर मूठ जिथे संपते ती जागा सुमारे १० सेंटिमीटरवर आणि फळीचे वरचे टोक सुमारे २५ सेंटिमीटरवर येते. म्हणजे तेच एक ग्रॅम टोकाला ठेवले, तर ते मानेजवळ ठेवलेल्या ग्रॅमच्या सहापट जड लागते. कुऱ्हाड दांड्याच्या टोकाला धरली आणि पात्याजवळ धरली, तर त्यात जो फरक जाणवतो तोच हा. घरी तपासण्याची रीत अशी, की रबर लावलेली बॅट पेन्सिलीवर आडवी तोलून धरावी, ती जिथे स्थिर राहते तिथे खूण करावी आणि मुठीच्या टोकापासून त्या खुणेचे अंतर दोन्ही बॅटांवर मोजावे. हलक्या ब्लेडला शिशाच्या पातळ पट्ट्या कडेच्या टेपखाली आणि मुठीवर थोड्या थोड्या वाटून लावल्या, की एकूण वजन आणि तोलाचा बिंदू दोन्ही जुळवता येतात. हे काम किचकट आहे, आम्हाला एक अख्खी दुपार लागली. परंतु पुढे जे उघड झाले, ते त्या दुपारीमुळेच.

खानदेशातील हवा हा या तुलनेतला न बोलावलेला भागीदार आहे. टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅमांचा आणि ४० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे आकाराने मोठा आणि वजनाने नगण्य; छताचा पंखा चालू असेल तर तो सरळ जाण्याची अपेक्षाच करू नये. मे महिन्यात बाहेर पारा ४३-४४ अंशांवर असताना पत्र्याच्या छपराखाली पंखे बंद करून दोन तास खेळणे म्हणजे काय, हे जळगाव-भुसावळकरांना सांगावे लागणार नाही. दुपारी खेळाडू थकतो आणि थकलेल्या हाताला जड ब्लेड आणखी जड लागते. आम्ही म्हणून सकाळी ६ ते ८ याच वेळेत खेळलो. लाकूड हवेतला ओलावा पितो आणि सोडतो. माझे हेच ब्लेड कोरड्या मे महिन्यात आणि भर श्रावणात तोलले, तर दीड-दोन ग्रॅमांचा फरक दिसतो. एक ब्लेड उन्हाळ्यात आणि दुसरे पावसाळ्यात खेळून, आठवणीवर विसंबून केलेल्या तुलनेला या एका कारणानेही अर्थ उरत नाही. धुळीचे तर विचारूच नये. हॉलमधील टेबलावरून सकाळी बोट फिरवले तर त्यावर रेघ उठते. ती धूळ चेंडूवर आणि चेंडूवरून रबरावर जाते, रबराची पकड घटते आणि फिरकी कमी झाल्याचे खापर बिचाऱ्या ब्लेडवर फुटते. दर दहा मिनिटांनी दोन्ही रबरे ओल्या स्पंजाने पुसून कोरडी करणे हा नियम आम्ही पाळला.

प्रत्यक्ष खेळताना फटक्यांचे तीन स्तर वेगळे तपासणे आवश्यक आहे, कारण ब्लेडचे वेगवेगळे थर वेगवेगळ्या जोराला जागे होतात. नेटजवळचा छोटा पुश (चेंडू खालून हलकेच ढकलून परतवणे) किंवा आखूड सर्व्हिस यांत चेंडू रबरातच मुरतो. ब्लेड जवळजवळ वाकतच नाही. इथे दोन जुळ्यांमध्ये फरक दिसण्याचे कारण नाही, आणि आम्हाला तो दिसलाही नाही. दुसऱ्या टोकाला, टेबलापासून दोन पावले मागे जाऊन पूर्ण ताकदीने मारलेला टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका. यात स्पंज पुरता दबतो, फळी वाकते आणि कार्बनचा ताठपणा कामी येतो. परंतु या फटक्यात खेळाडूच्या अंगाचा सहभाग एवढा मोठा असतो, की दोन सलग चेंडूंमधला त्याचाच फरक दोन ब्लेडांमधल्या फरकाहून जास्त भरतो. निकाल लावण्यासाठी हा फटका सर्वांत वाईट, आणि ब्लेड तपासताना प्रत्येक जण नेमका हाच मारून पाहतो.

सर्वांत बोलका फटका आहे तो ब्लॉक. समोरचा टॉपस्पिन करतो आणि आपण बॅट केवळ योग्य कोनात धरून ठेवतो. हात जवळजवळ स्थिर असल्यामुळे चेंडू किती दूर पडतो आणि किती उंचीवरून जातो, हे बॅटवरच ठरते. आम्ही टेबलाच्या पलीकडच्या अर्ध्या भागात खडूने दोन रेघा मारून तीन पट्टे केले आणि प्रत्येक बॅटने पन्नास ब्लॉक केले. ब्लॉक करण्याचे काम आप्पांकडे दिले, कारण माझ्यापेक्षा त्यांचा हात स्थिर आहे. टॉपस्पिन मी केले, चेंडू कुठल्या पट्ट्यात पडला ते आप्पांचा नातू वहीत मांडत होता. शेवटच्या पट्ट्यात एका बॅटचे ३१ चेंडू पडले आणि दुसरीचे ३४. नातवाने लगेच विजेता जाहीर केला.

त्याला थांबवून जे सांगावे लागले, ते या लेखातील सर्वांत उपयोगी गणित आहे. पन्नास चेंडूंपैकी साधारण ३२ चेंडू एका पट्ट्यात पडणारा खेळाडू तीच बॅट घेऊन पुन्हा पन्नास चेंडू खेळला, तर आकडा पुन्हा ३२ येईलच असे नाही. तो कधी २९, कधी ३५ येईल. अशा दोन मोजण्यांमध्ये चार-पाचचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. म्हणून ३१ आणि ३४ यांतून काहीच सिद्ध होत नाही. पन्नासात दहाएक चेंडूंचा फरक आला, आणि अदलाबदलीनंतरही तो त्याच दिशेने आला, तर मानावे. आणखी एक काळजी घ्यावी. आधी पहिली बॅट आणि मग दुसरी, असा क्रम ठेवला तर दुसरीला हात गरम झाल्याचा फायदा मिळतो. म्हणून पहिली, दुसरी, दुसरी, पहिली असा क्रम ठेवावा.

यानंतर खरी कसोटी घेतली. दोन्ही मुठींवर बॅडमिंटनची सारखीच ग्रिप गुंडाळली, म्हणजे रंग दिसणार नाही आणि मुठीची घडणही बोटांना ओळखू येणार नाही. प्रत्येक वेळी नातू नाणे उडवून बॅट निवडत असे, मी तिच्याकडे न पाहता दहा चेंडू खेळत असे आणि ही कोणती, ते सांगत असे. असे वीस वेळा. केवळ अंदाजाने बोललो असतो, तर सुमारे दहा उत्तरे बरोबर आली असती. वीसपैकी पंधरा किंवा त्याहून अधिक उत्तरे निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता पन्नासात एकदा एवढीच असते, म्हणून पंधरा ही रेघ आम्ही आधीच ठरवून ठेवली होती. रेघ नंतर ठरवली, तर माणूस ती आपल्या उत्तराला लागून ओढतो.

वजन जुळवण्यापूर्वीच्या फेरीत माझी सोळा उत्तरे बरोबर आली. मी हरखलो. मग शिशाच्या पट्ट्या लावून वजन आणि तोल सारखे केले आणि तीच फेरी पुन्हा घेतली. बारा. एवढी उत्तरे तर नाणे उडवणाऱ्याचीही चारात एकदा बरोबर येतात. तिसऱ्या फेरीत कानांत कापसाचे बोळे घातले (कापसाला आमच्याकडे तोटा नाही), तेव्हा नऊच बरोबर आली. बाराच्या आणि नऊच्या मधल्या फरकावरून आवाजाविषयी निष्कर्ष काढणे वरच्याच गणिताने चुकीचे ठरेल, त्यामुळे तो काढत नाही. एवढे मात्र म्हणता येते, की ज्याला मी गेली दोन वर्षे व्हिस्कारियाचा ‘चपळपणा’ म्हणत होतो, तो बहुतांशी चार ग्रॅमांचा चपळपणा होता. अमळनेरच्या आप्पांनी यावर अहिराणीत एवढेच म्हटले, ‘हातना खेळ शे, भाऊ.’ मला ते पूर्णपणे मान्य नाही, कारण साठ ग्रॅमांच्या आणि शंभर ग्रॅमांच्या ब्लेडमधला फरक हाताला झाकता येणार नाही. परंतु या दोन ब्लेडांपुरते त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्याकडे काही उरले नव्हते.

आवाजाविषयी एक तपासणी मात्र कोणालाही खेळल्याविना करता येते. रबर न लावलेले ब्लेड मुठीच्या मानेशी दोन बोटांत सैल धरावे, फळीच्या मध्यावर चेंडू हलकेच आपटावा आणि मोबाइलवर आवाजाची कंपनसंख्या दाखवणारे एखादे अ‍ॅप चालू ठेवावे. ताठपणा वाढला की सूर चढतो, वजन वाढले की उतरतो. वजन ४.५ टक्क्यांनी अधिक आणि ताठपणा तेवढाच असेल, तर सूर सव्वादोन टक्क्यांच्या आसपास उतरायला हवा. प्रत्यक्षात जड ब्लेडचे लाकूड बहुधा अधिक घट्ट आणि म्हणून अधिक ताठ असते, त्यामुळे तो उतरण्याऐवजी पुष्कळदा चढतो. वेगवेगळ्या गावांतील दोन खेळाडूंना आपापल्या ब्लेडांची फोनवरून तुलना करायची असेल, तर दहा मिनिटांच्या गप्पांपेक्षा वजन, जाडी आणि हा सूर हे तीन आकडे एकमेकांना कळवणे अधिक उपयोगाचे आहे.

नव्याने शिकणाऱ्या मुलांचे पालक हॉलमध्ये येऊन या दोहोंपैकी कोणते घेऊ असे विचारतात, तेव्हा मी दोन्ही घेऊ नका असे सांगतो. कार्बनच्या ताठ ब्लेडवर चेंडू लवकर सुटतो आणि मुलाचा हात पूर्ण फिरण्याआधीच फटका संपतो. पाच थरांचे, पूर्ण लाकडाचे, मध्यम वेगाचे ब्लेड दोन-तीन वर्षे पुरते आणि पैसेही वाचतात. ज्यांचा खेळ बसलेला आहे आणि ज्यांना खरोखर या जुळ्यांपैकी एक निवडायचे आहे, त्यांनी नाव विसरून दुकानदाराकडे दोन गोष्टींचा आग्रह धरावा. ब्लेड काट्यावर ठेवून वजन दाखवा, आणि मूठ हातात धरून पाहू द्या. अंध कसोटीत आम्ही ग्रिप गुंडाळून मुठीचा फरक मुद्दाम लपवला होता. ग्रिप काढल्यावर तो लगेच परत आला. टिमो बोलची मूठ माझ्या तळहातात भरल्यासारखी बसते आणि बॅकहँडकडून फोरहँडकडे वळताना ती फिरवावी लागत नाही. व्हिस्कारियाच्या मुठीशी मी दोन वर्षे जुळवून घेत आलो होतो, हे मला तोवर कळलेच नव्हते.

पुतण्याचे ब्लेड परत करताना मी त्याला अदलाबदल करतोस का म्हणून विचारले. त्याने दोन्ही हातांत धरून पाहिली, फळीच्या मध्यावर चेंडू टिचकवून आवाज ऐकला आणि व्हिस्कारिया ‘अधिक चपळ’ वाटते म्हणून आनंदाने ठेवून घेतले. शिशाच्या पट्ट्या मी आदल्या दिवशीच काढल्या होत्या.